सगळ्यांना झेपतंय, मग मलाच का नाही?

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील वगळून):

डोंबिवलीला राहणारी एक वाचक अंधेरीच्या एका स्वायत्त कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पाचवं सेमिस्टर चालू आहे. नेहमीच्या विषयांसोबत तिने एआय-एमएलचं (कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मशीन लर्निंग) ऑनर्स, म्हणजे डिग्रीच्या वरचे जादा विषय, घेतलंय. शिवाय एनपीटीईएलचे (आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचे) दोन कोर्स, रोज दोन तास डीएसए (डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदमचा सराव), टेक्निकल कमिटीचं पद (आठवड्याला बारा तास) आणि एका छोट्या स्टार्टअपमध्ये घरून करायची बिनपगारी इंटर्नशिप (वीस तास). एम-थ्रीची (गणिताच्या तिसऱ्या पेपरची) केटी आहे, म्हणजे त्यात ती नापास झाली आणि तो अजून सुटायचा आहे. ती लागल्यावर 'प्रोफाइल भरून निघावं म्हणून' तिने एनपीटीईएलचा दुसरा कोर्स घेतला. झोप साडेचार तास. लॅपटॉप उघडला की धडधडतं, एकच ओळ तीनतीनदा वाचावी लागते, एके काळी आवडणारं कोडिंग आता नकोसं झालंय. गणपतीच्या पाच दिवसांत लॅपटॉपला हात लावला नाही, पोटभर झोप काढली, तरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी परत तेच. 'कधी कधी वाटतं आजारी पडावं, म्हणजे कुणी काही विचारणार नाही,' असंही ती लिहिते. बाबांनी शैक्षणिक कर्ज काढलंय, म्हणून घरी काही बोललेली नाही. तिला दोन गोष्टी हव्या आहेत. हे सगळं बसवणारं वेळापत्रक, आणि एका प्रश्नाचं उत्तर: 'वर्गात सगळेच हे करतायत, मग मी आळशी आहे का?'

प्रिय मैत्रिणी,

आधी त्या आजारी पडण्याच्या वाक्याबद्दल. तू ते ओझरतं लिहून लगेच केटीकडे वळलीस, मी मात्र तिथेच अडकले. आजारी पडावंसं वाटतं तेव्हा माणसाला बहुतेक वेळा रजा हवी असते आणि ती मागायची सोय दिसत नसते. तुझंही तेवढंच असेल तर पुढचं सगळं तुझ्यासाठीच लिहिलंय. पण त्या वाक्यामागे आणखी काही असेल, आपण नसलेलंच बरं असे विचार येत असतील, तर ऑनर्स-केटी सगळं बाजूला ठेव आणि आजच टेली-मानसच्या १४४१६ या नंबरवर फोन लाव. केंद्र सरकारची ही मानसिक आरोग्याची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्रीही चालते आणि मराठीत बोलता येतं. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे, तिथे केसपेपर काढून सरळ जाता येतं. यात लाजण्यासारखं काही नाही, आणि 'एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला' असं म्हणून थांबायचंही कारण नाही.

आता वेळापत्रक. ते मी देणार नाही. का, ते आकड्यांतच दाखवते. तू कॉम्प्युटरची आहेस, माझ्या धीराच्या शब्दांपेक्षा बेरजेवर तुझा जास्त विश्वास बसेल.

एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेने, २०१८ मध्ये इंजिनीअरिंगचा आदर्श अभ्यासक्रम १६० क्रेडिटवर आणला. आठ सेमिस्टर धरली तर एकाला सरासरी वीस क्रेडिट. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एका क्रेडिटला तीस तासांचा अभ्यास धरतात, त्यात लेक्चर, प्रॅक्टिकल, घरचं वाचन सगळं आलं. म्हणजे सेमिस्टरला सहाशे तास. शिकवण्याचे आठवडे साधारण पंधरा, म्हणून आठवड्याला चाळीस. नुसती डिग्री हीच पूर्ण वेळाची नोकरी आहे, हे इथेच लक्षात घे. त्यावर ऑनर्सचे अठरा-वीस क्रेडिट, चार सेमिस्टरमध्ये वाटले तर आठवड्याला आणखी दहा तास. एनपीटीईएलच्या एका कोर्सचे व्हिडिओ आणि असाइनमेंट मिळून साडेचार तास धरू, दोनाचे नऊ. डीएसएचे चौदा. कमिटीचे बारा, इंटर्नशिपचे वीस. डोंबिवली ते घाटकोपर लोकल, पुढे अंधेरीपर्यंत मेट्रो, दोन्ही टोकांची रिक्षा आणि रांग धरून जाऊन-येऊन साडेतीन तास, पाच दिवसांचे साडेसतरा.

बेरीज १२२.५ तास. आठवडा १६८ तासांचा. उरले ४५.५, म्हणजे दिवसाला साडेसहा.

त्यातले साडेचार तू झोपतेस. उरलेल्या दोनात अंघोळ, जेवण, कपडे, आईशी दोन शब्द आणि 'तांत्रिक बिघाडामुळे गाड्या उशिराने धावत आहेत'. तू आळशी आहेस का, याचं उत्तर या बेरजेत आहे. आळशी माणसाचा हिशेब इतका चोख जुळत नाही. कॅलेंडरमध्ये रंगीत चौकोन करून, पहाटे चारला उठून किंवा पंचवीस मिनिटांचे टायमर लावून या साडेसहाचे नऊ होणार नाहीत.

आणखी एक पाहिलंस का? एम-थ्रीच्या केटीचा अभ्यास या बेरजेत कुठेच नाही. मी विसरले नाही. तुझ्या पत्रातच त्याला एकही तास दिलेला नव्हता. सहा कामांना तास आहेत, आणि ज्या एका कामामुळे तुझी खरोखर अडवणूक होऊ शकते ते उपाशी आहे.

मागच्या सेमिस्टरला ऑपरेटिंग सिस्टिम झाली असेल तर थ्रॅशिंगवर पाच मार्कांचं उत्तर तू लिहिलं असशीलच. मेमरी तेवढीच राहते आणि प्रोसेस (चालू असलेले प्रोग्रॅम) वाढत जातात. प्रत्येकीला तिची पानं, म्हणजे तिच्या माहितीचे तुकडे, मेमरीत हवी असतात, म्हणून एकीची पानं डिस्कवर टाकून दुसरीची आणायची, तोवर पहिलीला नेमकी तीच परत लागतात. सगळा वेळ ने-आण करण्यात जातो. सीपीयू रिकामा दिसतो, आणि ते बघून जुन्या सिस्टिम काय करायच्या? सीपीयू मोकळा आहे असं समजून आणखी एक प्रोसेस आत घ्यायच्या. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये याची कारणं उलगडून मांडली. कामांचा क्रम बदलून थ्रॅशिंग थांबत नाही, मेमरीत असलेल्या प्रोसेस कमी कराव्या लागतात. आता एम-थ्री राहिल्यावर तू काय केलंस ते आठव. मार्क घसरलेले दिसले आणि तू आणखी एक कोर्स आत घेतलास.

थोडा वेळ तुझ्या रात्रींकडे बघू, कारण तासांची भूल तिथेच पडते. समज, रात्री एक वाजता बायनरी सर्च (क्रमवार यादी दर वेळी अर्धी करत शोधणं) लिहायला बसलीस. लो, हाय, मिड, म्हणजे यादीची सुरुवात, शेवट, मध्य, सगळं पाठ आहे. पण एका फांदीत 'लो = मिड' लिहिलंस आणि प्लस वन राहिलं. दोनच घटक उरले की मिड परत लो वरच येतो, लो जागचा हलत नाही आणि लूप फिरत राहतो. तू स्क्रीनकडे बघत राहतेस. मग इनपुट बदलून बघतेस, मग कंपायलरवर संशय, मग तीच ओळ चौथ्यांदा वाचतेस आणि ती चौथ्यांदाही बरोबरच दिसते. दीड तास गेला. सकाळी चहा पिताना तीच ओळ दोन मिनिटांत डोळ्यांत खुपली असती. तू याला 'डीएसएचे दोन तास' म्हणतेस. त्यातलं शिकणं किती आणि जागरण किती? शिवाय दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं बसायचं बरंचसं काम झोपेतच होतं. साडेचार तास झोपून केलेला अभ्यास गळक्या हंड्याने पाणी भरल्यासारखा आहे.

आता 'सगळेच करतायत'. मी कॉम्प्युटर विभागात शिकवत असताना हे वाक्य दर वर्षी ऐकलं, आणि दर वेळी त्या 'सगळ्यांची' नावं विचारली. विचारून बघ स्वतःला. हॅकेथॉन जिंकणारा एक जण असतो, त्याची हजेरी प्रॉक्सीवर चालते आणि सबमिशनच्या आठवड्यात तो दुसऱ्याची फाइल मागत फिरतो. लीटकोड या कोडिंग सरावाच्या साइटवर स्ट्रीक (रोज न चुकता सोडवल्याची साखळी) सांभाळणारी दुसरी असते, ती कुठल्याच कमिटीत नसते. नऊ पॉइंटरवाला (दहापैकी नऊ ग्रेड मिळवणारा) तिसरा कॉलेजपासून दहा मिनिटांवर राहतो, त्याचे तुझ्यापेक्षा पंधरा-सोळा तास तर प्रवासातच वाचतात. चौथ्याची इंटर्नशिप काकांच्या ऑफिसात असते. तू या चौघांचा एकेक उत्तम भाग घेऊन एक माणूस तयार केलायस आणि रोज त्याच्याशी स्वतःची तुलना करतेस. असा माणूस तुमच्या वर्गात नाही. लिंक्डइनवर असतो, कारण तिथे 'थ्रिल्ड टू अनाउन्स' असतं. 'काल रात्री रडलो' असं कुणी अनाउन्स करत नाही. तुझ्या पोस्ट बघून वर्गातलं कुणीतरी तुझ्याबद्दलही असंच समजत असेल बघ.

तू 'बर्नआउट' हा शब्द वापरलास आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलंस. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची नोंद आहे, मात्र आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणचा, दीर्घकाळ न निस्तरलेला ताण असं त्याचं वर्णन आहे आणि लक्षणं तीन दिलीत: शक्ती संपल्यासारखी वाटणं, कामापासून मन उडणं किंवा त्याचा तिटकारा येणं, आणि आपल्या हातून नीट काही होत नाही अशी भावना. तिन्ही तुझ्या पत्रात आहेत. हा शब्द नोकरीपुरताच वापरावा असं तिथे म्हटलंय. आता चाळीस तासांच्या शिक्षणावर वीस तास फुकट राबणारी मुलगी विद्यार्थिनी की कामगार, ते त्यांनी ठरवावं. मला तुझ्या गणपतीच्या पाच दिवसांची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली. नुसता थकवा असता तर पाच दिवस झोपून तो बराचसा उतरला असता. तुझा उतरला नाही, कारण सुट्टी संपल्यावर तेच १२२ तास दारात उभे होते. म्हणून आणखी सुट्टी घे, फिरून ये, असं मी सांगत नाही. परत यायची जागा बदलायला हवी.

तर वजाबाकी करू, सोप्यापासून.

इंटर्नशिप सोड. याच आठवड्यात. पैसे नाहीत, शिकवायला कुणी सीनियर नाही, तू लिहिलंयस की काम म्हणजे लँडिंग पेजेस बदलत राहणं. बायोडेटावर ती ओळ येण्यापुरतं काम तू केव्हाच केलंयस. निरोप लांबलचक लिहू नकोस. 'परीक्षा आणि तब्येतीमुळे मी पुढच्या शुक्रवारनंतर काम करू शकणार नाही. माझ्याकडचं काम आणि फाइल्स गुरुवारपर्यंत सोपवते. संधीबद्दल आभार.' बस. ते म्हणतील 'फक्त हा महिना'. त्याला उत्तर म्हणून हाच निरोप परत पाठवायचा.

कमिटीचं जरा नाजूक आहे, कारण तिथे मैत्रिणी आहेत. पद सोड, माणसं सोडू नकोस. फेस्टच्या दिवशी एका कामाला हात लावीन असं सांग, बाकी ज्युनियरकडे दे. दुसऱ्या वर्षाची मुलं त्या पदासाठी टपलेलीच असतात, हे तुलाही ठाऊक आहे.

एनपीटीईएलचे दोन्ही कोर्स या सेमिस्टरला बंद. नावनोंदणी फुकट असते, पैसे भरावे लागतात ते परीक्षेसाठी, आणि परीक्षा दिली नाही म्हणून कुठे शेरा येत नाही. एक गोष्ट मात्र तपास: तुमच्या कॉलेजने एखादा कोर्स क्रेडिटसाठी सक्तीचा केलाय का. केला असेल तर तो एक ठेव. त्यातही बारा आठवड्यांच्या कोर्सला असाइनमेंटचे मार्क सर्वोत्तम आठांचेच धरतात, तेव्हा एखाद्या आठवड्याची राहिली म्हणून रात्र जागवू नकोस.

डीएसए पूर्ण सोडायला मी सांगणार नाही. कॅम्पसच्या पहिल्या चाळणीत कोडिंग टेस्ट असतेच, तिथे सराव लागतो. पण रोजचे दोन तास कुणी ठरवले? आठवड्यातले पाच दिवस, दिवसाला एक तास, तोही रात्री दहाच्या आत. स्ट्रीक तुटू दे. मुद्दाम तोड. तो हिरवा चौकोन अ‍ॅपवाल्यांनी तू रोज यावंस म्हणून ठेवलाय, तुला किती आलं ते मोजायला नाही. एक प्रॉब्लेम सोडवून झाल्यावर तीन दिवसांनी तोच कोऱ्या पानावर परत सुटतो का ते बघ. सरावाच्या प्रॉब्लेमच्या यादीवर केलेल्या साडेचारशे खुणांपेक्षा मुलाखतीत ते जास्त उपयोगी पडतं.

आता ऑनर्स. हा खरा अवघड निर्णय आहे आणि इथे दोन्ही बाजूंना काहीतरी आहे. ते घेतलंस तर डिग्रीवर त्याचा उल्लेख येतो, पुढे एम.टेक. किंवा परदेशात एमएस करायचं मनात असेल तर सांगायला बरं. सोडलंस तर मूळ डिग्रीला धक्का लागत नाही, ते १६० क्रेडिटच्या वरचं आहे. तू लिहिलंस, 'एआय नाही घेतलं तर नोकरीच मिळणार नाही म्हणतात.' म्हणणारे म्हणोत. एआय आणि मशीन लर्निंग बहुतेक कॉलेजांत पुढच्या सेमिस्टरना नेहमीच्या विषयांतही येतंच. आणि त्या सगळ्याच्या तळाशी गणित आहे. गणिताची केटी डोक्यावर ठेवून एमएलचं ऑनर्स करणं हे मला उलटं वाटतं. दुसरं म्हणजे मुदत. इंटर्नशिप, कमिटी कधीही सोडता येते. ऑनर्स मात्र आठव्या सेमिस्टरपर्यंत दर आठवड्याला दहा तास मागणार आहे, आणि त्यात सातव्या सेमिस्टरचं प्लेसमेंट आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट दोन्ही येतात.

स्वतःला एक विचार. ऑनर्सच्या अभ्यासक्रमात असा एखादा भाग आहे का, जो परीक्षा नसती तरी तू वाचला असतास? असेल, आणि नाव पटकन सुचलं, तर ठेवून बघ. आठवावं लागलं तर सोड. पत्रावरून मला तरी ते तू भीतीपोटी घेतल्यासारखं दिसतं, आणि तुझ्या जागी मी सोडलं असतं.

नवा हिशेब असा. डिग्रीचे चाळीस, डीएसएचे पाच, केटीचे सहा, प्रवासाचे साडेसतरा: ६८.५. उरतात ९९.५, दिवसाला चौदा. ऑनर्स ठेवलंस तर उरतात पावणेतेरा. आठ तास झोपलीस तरी दोन्हींत माणसासारखं जगता येतं. फक्त या मोकळ्या तासांकडे बघून पहिल्या पंधरवड्यातच तुझे हात शिवशिवतील, एखादं सर्टिफिकेशन खुणावेल. या सेमिस्टरची परीक्षा होईपर्यंत नवीन काहीही आत घ्यायचं नाही. एखादी गोष्ट घ्यावीशी वाटलीच तर आधी कुठली सोडणार ते लिहायचं.

केटीचे सहा तास कसे वापरायचे? बऱ्याच कंपन्यांची कॅम्पसची अट असते की लाइव्ह (अजून न सुटलेली) केटी नको. ही एक अट तुझ्या चार सर्टिफिकेटांना दारातच थांबवू शकते. म्हणून हे सहा तास सगळ्यात आधी बाजूला काढायचे: शनिवारी तीन, रविवारी तीन, सकाळी. आणि तुझ्यासाठी यात एक सोय आहे. गणिताला लॅपटॉप लागत नाही. तुला लॅपटॉप उघडताना धडधडतं ना? मग तो घरी ठेव, वही, पेन आणि मागचे पेपर घेऊन जवळच्या अभ्यासिकेत जाऊन बस. लाप्लासपासून सुरू कर, इनव्हर्स लाप्लास, मग फूरिये सीरिज. हे प्रकार सरावाचे आहेत, गणितं ठरावीक साच्यांची येतात. चार गणितं सुटली की 'मला काहीच येत नाही' हा सूर आपोआप थोडा खाली येतो. हातून काहीतरी पूर्ण झाल्याचं तुला बऱ्याच महिन्यांत बघायला मिळालेलं नाही, ते इथे मिळेल.

प्रवासाबद्दल जास्त लांबण लावत नाही, डोंबिवलीकरांना प्रवास शिकवायला मी कोण! पण लेडीज डब्यात उभं राहून दीडपट वेगाने लेक्चर ऐकणं बंद कर. डोंबिवलीहूनच सुटणारी लोकल पकडून बसायला मिळत असेल तर झोप, गाणी ऐक, काहीच करू नकोस. तुझी मावशी जोगेश्वरीला राहते असं तू जाता जाता लिहिलंयस. सबमिशनचा आठवडा आणि परीक्षेचे दिवस तिच्याकडे राहता येईल का, ते विचार. वर्षभराच्या पीजीचं भाडं परवडणं वेगळं, मावशीकडे वर्षातून चार आठवडे राहणं वेगळं. मुंबईतली अर्धी मुलं अशीच शिकली.

आणि घरी सांग. तुझा समज असा दिसतो की कर्ज आहे म्हणून बोलायचं नाही. बाबांनी कर्ज काढलंय ते डिग्रीसाठी. कमिटी, बिनपगारी इंटर्नशिप आणि दोन एनपीटीईएलसाठी नाही. शैक्षणिक कर्जाचे हप्ते बहुतेक बँका कोर्स संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू करतात, तेव्हा आज रात्री काही कोसळणार नाही. नक्की मुदत कर्जाच्या कागदावर असेल, ती बाबांसोबतच बघ. केटीचं त्यांना ठाऊक नसेल तर तेही याच बैठकीत सांगून टाक, दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा बरं. सुरुवात अशी करता येईल: 'बाबा, मी डिग्री नीट पूर्ण करणार आहे. त्यासाठी चार वरच्या गोष्टी सोडतेय. एम-थ्री राहिलाय, त्याचा अभ्यास शनिवार-रविवारी करणार आहे.' आधी ठरवलेलं सांगायचं, मग राहिलेलं. आई बहुधा केटीपेक्षा 'साडेचार तास झोपतेस?' यावरच जास्त रागावेल.

एक वर्ष गॅप घेऊ का, असं तू शेवटी एका ओळीत विचारलंयस. आत्ता नको. आधी भार कमी करून हे सेमिस्टर पार पडतं का ते बघू. भार कमी करून, झोप पुरी होऊनही दोन-तीन आठवड्यांत धडधड आणि रडू कमी झालं नाही, तर डॉक्टरांना दाखव आणि त्यांच्या सल्ल्याने गॅपचा विचार कर. तेव्हा महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरची शिष्यवृत्ती किंवा फी माफी असेल तर खंड पडल्यावर तिचं काय होतं, ते कॉलेजच्या ऑफिसात आधी विचारून घ्यावं लागेल. कॉलेजात समुपदेशक आहे का तेही बघ. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलंय. नसेल तर वर्गप्रतिनिधीमार्फत लेखी मागणी करा.

तुझ्यासारखीच पत्रं आणखीही आली आहेत, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांनो, तुमचे प्रवेश उशिरा होतात, तोवर तिसऱ्या सेमिस्टरचे काही आठवडे होऊन गेलेले असतात आणि पहिल्या वर्षाचं गणितही भरून काढायचं असतं. तुम्ही त्या एका सेमिस्टरला कमिटी, हॅकेथॉन, ऑनलाइन कोर्स कशालाच हात लावू नका. प्रॅक्टिकलचं लेखी काम त्याच दिवशी कॉलेज सुटायच्या आधी संपवा, डिफॉल्टर लिस्टची (काम अपुरं राहिलेल्यांच्या यादीची) धावपळ तिथेच टळते. बी.एससी. आयटी किंवा कॉम्प्युटर सायन्स करता करता संध्याकाळी नोकरी करणाऱ्यांची गोष्ट निराळी आहे. तुमच्याकडे सोडण्यासारखं फारसं नसतं, पगार घरात लागतो. तुम्ही मी केली तशी बेरीज कागदावर मांडून वर्गशिक्षकांना दाखवा. 'वेळ मिळत नाही' असं म्हटलं तर उपदेश मिळतो, आकडे ठेवले तर सबमिशनची तारीख पुढे सरकण्याची शक्यता तरी असते.

आता तुझं राहिलेलं काम. ऑनर्स सोडायचं ठरलं तर कोऑर्डिनेटरांना नुसतं तोंडी सांगून येऊ नकोस. सोडण्याची शेवटची तारीख, फी परत मिळते का, आत्तापर्यंतच्या क्रेडिटचं काय होतं, हे तिन्ही परीक्षा विभागात विचार. मग एका पानाचा अर्ज कर, विभागप्रमुखांची सही घे, ऑफिसात देऊन इनवर्डचा (अर्ज मिळाल्याचा) शिक्का मारलेली प्रत स्वतःकडे ठेव. तिचा फोटो काढून बाबांनाही पाठव.